गोगलगाईचा डंख

जोतीराम पलटणीतून सुटून गावी आला तो शेचाळीसच्या उन्हाळ्यात, आणि आल्या दिवसापासून साऱ्या गावाशी भांडत सुटला. भांडण एकच. त्याचा पलटणीतला जोडीदार हंबीरराव लढाईच्या काळात मालदीवच्या बेटावर मेला, तेव्हा अंगावर जखम दिसेना म्हणून साहेबानं कागदात लिहून टाकलं, की यानं विष खाऊन जीव दिला. तीन वर्षं हंबीररावाची आई राहीबाई खाली मान घालून गावात वावरत होती.

"समुद्रातल्या गोगलगाईनं डंख मारला त्येला! माज्या म्होरं मेला," जोतीराम चावडीत सांगायचा. लोक पोट धरून हसायचे. गोगलगाय माणूस मारते म्हणे! तो चिडला की त्यांना आणखीच चेव यायचा.

शेवटी तिकडून आणलेला तसल्याच गोगलगाईचा शंख पिशवीत घालून त्यानं सांगली गाठली. विश्रामबागेत लालासाहेब नावाचे प्राणिशास्त्राचे मास्तर राहायचे. त्यांनी शंख नुसता वरवर पाहिला.

"कोकणातला दिसतोय. चिखलात सापडतात असले. निरुपद्रवी."

"चिखलातला?" जोतीराम उसळला. त्यानं शंख उलटा धरून टेबलावर ठोकला. अरुंद फटीतून पांढरी, जाड रेती पडली. "ह्यो घ्या चिखल! पवळ्याच्या खडकातली वाळू हाय ही. वहटीला पानी हटलं, दगड उलथला की खाली गावायचा. दिसाया देखणा, म्हनून हंबीरानं उचलला."

मास्तरांनी रेती बोटांत चोळली. भिंग आणलं. जड, निमुळता शंख, लांबट तोंड, पाठीवर तपकिरी जाळी. मग त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं आणि चित्रावर बोट ठेवून बराच वेळ वाचत बसले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पोवळ्याच्या खडकातलीच जात आहे ही. दात विषारी. जखम दिसतसुद्धा नाही, अंग लुळं पडतं आणि श्वास थांबतो. माणसं मेली आहेत हिच्यामुळं."

जोतीरामाचे डोळे भरून आले, पण आवाज चढाच होता. "मग लिवून द्या. खाली सही करा."

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. राहीबाई तीन वर्षांत पहिल्यांदाच तिथं आली आणि थेट पुढं जाऊन बसली. जोतीराम मास्तरांचा कागद वाचू लागला, तसा तिनं हात वर केला.

"मोठ्यानं वाच रं," ती म्हणाली. "हसनारी समदी मागं बसल्यात."