पाच पेडांची वेणी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर चेष्टाच करत आले. सासूबाई दृष्ट काढायला बसल्या की "मिरच्या महाग झाल्यात हो" म्हणणारी मी. त्यामुळे हे लिहिताना माझाच हात अडखळतोय...

आम्ही जैन. मंचरच्या बाजारपेठेत खाली किराणा दुकान, वर घर. गेल्या आषाढात माझी थोरली जाऊ तापाने गेली. तिची मुलगी खुशी आठ वर्षांची. आईला दवाखान्यात नेलं त्याच सकाळी वेणी घट्ट झाली म्हणून पोरगी ओरडली होती — "तू मला आवडतच नाहीस!" तेच दोघींचं शेवटचं बोलणं ठरलं.

पोरीला त्रास नको म्हणून आम्ही मोठ्या शहाण्यांनी घरात जावेचं नावच काढायचं नाही असं ठरवलं. फोटोसुद्धा कपाटात टाकला. खुशी रडायची नाही, आणि आम्हाला वाटायचं, चला, सावरली!

संवत्सरीला आम्ही एकमेकांना "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतो, वर्षभराच्या चुकांची माफी मागतो. सगळ्यांना म्हणून झाल्यावर खुशीने मला विचारलं, "काकू, मम्मीला कसं म्हणू?"

मी म्हटलं, "झोप आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संवत्सरीचा उपवास सोडायच्या गडबडीत होते, तर ही अंथरुणातून उठून आली... केसांची पाच पेडांची वेणी! झोपताना मीच तिचे केस मोकळे सोडले होते. आणि तसली वेणी घरात फक्त जावेला यायची. सासूबाईंना विचारलं, त्यांनीही घातली नव्हती.

भांडी घासायला येणाऱ्या हिराबाई तळेघर गावच्या. त्यांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "अगं बया... ही तर थोरल्या भाभींच्या हातची येणी! म्या रोज बघत व्हते की."

खुशी हसत होती. कितीतरी दिवसांनी. "काकू, आज दुखत नाही. मम्मीने सैल घातलीय."

आणि मी काय केलं? घाबरले. तिला पुढ्यात बसवलं आणि भराभरा वेणी सोडून टाकली. तिने हात धरला, तरी सोडली.

"मग मम्मीने माफ केलेलं... ते पण गेलं?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

जावेचा फोटो आता भिंतीवर आहे. आम्ही तिच्याबद्दल बोलतो, रडतोही. खुशी मात्र मला केसांना हात लावू देत नाही. वेणी कोणी घातली, ते मला आजही सांगता येत नाही... पण सोडली कोणी, ते तिला पक्कं माहीत आहे.