बंपरवरचा डाग

गाडीवाला खाली उतरून वाकला, तेव्हा मला वाटलं, कुत्रीला उचलतोय. तो बंपर बघत होता! रुमालाने डाग पुसला आणि गाडीत बसून चालता झाला. आमच्या गल्लीतली तांबडी कुत्री कडेला तशीच पडून होती, मान तेवढी वर धरून.

तिला जनावरांच्या दवाखान्यात पोचवलं आणि मी तडक पोलीस ठाणं गाठलं.

हवालदारांनी विचारलं, "कुत्रीचा मालक कोण?"

"कुणी नाही."

"मग तक्रार कुणाची घेऊ, ताई?"

दुखण्यालाही सातबारा लागतो का? पाय तिचा मोडला, कळा तिला येतायत, आणि आपण मालक शोधत बसायचं!

मी गाडीच्या नंबरचा कागद पुढे सरकवला. "कुत्रीला मालक नाही, साहेब. गाडीला आहे. त्याचं नाव लिहा."