आधी वर पाहणारा माणूस

सुदामभाऊ कोणाच्याही घरात शिरले की आधी वर पाहायचे. नमस्कार नंतर. चपला काढून दारातच थांबायचे, मान मागे टाकून छताचे चारही कोपरे बघायचे आणि मग समोरच्या माणसाला म्हणायचे, "जयभीम." आमच्या बुलढाण्याच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, जाळी दिसली असतील. मी ओशाळून म्हणाले, "रविवारी झाडते मी."

"जाळ्याचं काही नाही ताई," ते म्हणाले. "जाळं अंगावर पडलं तं कोणी मरत नाही."

ते देऊळघाटचे मिस्त्री. जुन्या घरांतल्या भिंती काढून घर मोकळं करून देण्यात त्यांचा हातखंडा होता. आणि हा माणूस छताला घाबरायचा. तरुणपणी एका बांधकामावर त्यांच्या डोळ्यांसमोर सज्जा कोसळला होता आणि खाली त्यांचा कामातला जोडीदार उभा होता. तेव्हापासून ते चहासुद्धा उंबऱ्यात बसून प्यायचे. मजूर चेष्टा करायचे, "भाऊ, या ना अंदर, सलॅप झोपला हाये." भाऊ बशी न हलवता म्हणायचे, "झोपलेलाच कूस पालटते बे."

मी शाळेत मुख्य लिपिक आहे. यादी केल्याशिवाय मी भाजीलाही जात नाही. पण त्या वर्षी यादीत न बसणारी भीती घरात आली होती. आईला लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला एकच शब्द, "नाही". चहा हवा का विचारलं की "नाही" म्हणायची आणि डावा हात कपाकडे न्यायची. सुरुवातीला आम्ही दोघी हसायचो. पुढे मी तो शब्द ऐकणंच सोडून दिलं.

मग एके सकाळी ती मागच्या खोलीत पलंगावरून पडली. मी भिंतीपलीकडे पोळ्या करत होते आणि कुकर शिट्ट्या देत होता. ती किती वेळ जमिनीवर होती, मला आजही माहीत नाही. त्यानंतर पोळी लाटता लाटता मी दर दोन मिनिटांनी धावत जाऊन तिला पाहून यायचे. ओट्यापाशी उभं राहून आई दिसली पाहिजे, एवढंच मला हवं होतं. मी वहीत लिहिलं : मधली भिंत काढणे, स्वयंपाकघर, बैठक आणि आईची खोली एक करणे, चाकाची खुर्ची सगळीकडे फिरली पाहिजे.

सुदामभाऊंनी यादी वाचली आणि खिशातून खडू काढला. "पाडाची घाई नोको. आधी आठ दिस राहून पाहा." त्यांनी फरशीवर रेघा मारल्या. जिथे सरकतं पार्टिशन येणार होतं तिथे दोरी बांधून माझ्या जुन्या साड्या टांगल्या, पलंग हलवला, आईची खुर्ची स्वतः ढकलून वळते का ते पाहिलं. साडी ओढली की आई झोपायला मोकळी, सारली की ओट्यापर्यंत सगळं एक. "दिवसा एक खोली, पाव्हने आले की दोन, माय झोपली की तीन," ते म्हणाले. "मोकळी जागा म्हंजे रिकामी जागा नोहे ताई. तिले दिवसातून चार कामं असतात." साडी तोंडावरून गेली तशी आई "नाही, नाही" म्हणत हसली. भाऊ थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले.

जाताना त्यांनी विचारलं, "ही भीत आधीची की सलॅप आधीचा?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. छत झाल्यावर खाली उभी केलेली भिंत नुसता आडोसा असते, ती काढता येते. भिंत आधी आणि तिच्यावर छत टाकलं असेल तर छताचा भार तिच्यावर असतो. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला हे विचारल्याशिवाय ते हातोडा उचलत नसत.

मी फाईल काढली. बाबांनी घर बांधलं तेव्हाचा नकाशा, मंजुरी, पावत्या, सगळं क्रमाने लावलेलं. नकाशात खांब होते, बीम होता, भिंत नंतरची होती.

"कागद सांगते काय बांधाचं होतं," भाऊ म्हणाले. "बांधलं काय, थे मायले इचारू का?"

"तिला काय विचारता? ती सगळ्यालाच नाही म्हणते. बाबा नकाशाबाहेर एक वीट लावणारे नव्हते."

त्यांनी फाईलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

पाडायच्या दिवशी आईला शेजारी नेऊन बसवायचं ठरलं होतं. यादीतला तो पहिलाच मुद्दा होता. पण काम सुरू झालं तरी ती हलेना. खुर्चीतून वाकून तिने डावा तळवा भिंतीवर टेकवला होता. "नाही. नाही." मी तिची बोटं एकेक करून सोडवत होते आणि ती पुन्हा टेकवत होती. पलीकडून मजुरांनी दोन विटा काढल्याही होत्या. मी वैतागून म्हणाले, "आई, उशीर होतोय!"

"थांबा रे!" सुदामभाऊ उंबऱ्यातून ओरडले. "हात नोका लावू कोणी!"

सगळे थांबले. भाऊ आईसमोर उकिडवे बसले. "माय, साडीच्या टायमाले तू नाही म्हनली तवा हासत होती. आता तुहा हात कापून राह्यला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या 'नाही'त अन् या 'नाही'त लय फरक हाये ताई."

स्टुलावर चढून त्यांनी भिंतीच्या माथ्याचा गिलावा छन्नीने काढला. नंतरची भिंत असती तर वर फट बुजवलेली दिसली असती. इथे फट नव्हती. काँक्रीट थेट विटांवर बसलं होतं. खांब नकाशात होता, घरात नव्हता. बाबांनी असं का केलं ते आता विचारायला बाबा नव्हते. पण भिंत उभी राहिली तेव्हा आई तिथेच होती, पाणी मारत होती. आणि या भिंतीच्या बरोबर वर, गच्चीवर, पाण्याने भरलेली टाकी होती.

 मी आईची खुर्ची ओढून भिंतीपासून लांब नेली.

भाऊ स्टुलावरून उतरले. "माहीच चूक," ते म्हणाले. "मी सलॅपले भेतो, भिंतीले भेतो. त्या दिशी कागदाले भेलो. शिकलेल्या मानसाच्या कागदाले."

आधी टाकी रिकामी केली. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू लागले. शहरातल्या इंजिनिअरला बोलावलं, त्यांनी मोजमापं घेऊन भिंतीऐवजी भार पेलणारा गर्डर ठरवला. तोवर आम्ही दोघी शेजारी राहिलो. सामान आणायला टेकूंमधून जाताना मी वरच पाहत चालायचे.  गर्डर बसला, भिंत निघाली, आणि शेवटी टेकू काढायचा दिवस आला.

भाऊंनी सगळ्यांना अंगणात काढलं. फक्त टेकू सोडवणारा माणूस कडेला, खिडकीपाशी. आणि स्वतः गर्डरच्या बरोबर खाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. मी दारातून म्हणाले, "भाऊ, बाहेर या ना. तुम्ही कशाला?"

"ज्यानं सांगतलं की टिकते, त्यानं खाली बसावं," ते म्हणाले.  हातातल्या बशीतला अर्धा चहा पायजम्यावर सांडला होता. एकेक टेकू सैल होत गेला आणि ते एकदाही उठले नाहीत. शेवटचा निघाल्यावर त्यांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "मायले आना."

आता मी पोळ्या लाटते आणि आई मला दिसते. तिलाही मी दिसते. पाहुणे आले की पार्टिशन सरकतं. आणि मीही आता कोणाच्या घरी गेले की आधी वर पाहते. लोकांना वाटतं, मी जाळी शोधते.

गेल्या महिन्यात देऊळघाटहून निरोप आला. सुदामभाऊ त्यांच्या अंगणात, बाजेवर, दुपारच्या झोपेतच गेले. वर मोकळं आभाळ होतं. मी आईच्या खुर्चीशेजारी बसले आणि तिला हळू सांगितलं. तिने वर गर्डरकडे पाहिलं आणि डाव्या हाताने माझा हात धरला.

"नाही," ती म्हणाली.

या वेळी मी तिचा हात सोडवला नाही. तो कापत होता.