उलटा धरलेला कागद

परभणीला जायचं झालं की मी यादी करून जाते. त्या दिवशीच्या यादीत हळद, कंदिलाची काच, सुतळी असं सगळं झाल्यावर अगदी खाली लिहिलं होतं, "आक्का : जाड कागद, बदामी नको." सगळं घेऊन मी दुपारच्या गाडीने मानवतच्या स्टेशनावर उतरले, तिथून टांग्याने घरी आले, तर ओसरीवर बोरीचा माणूस बसलेला. त्याच्यापुढचा पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता. मला पाहून तो उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, आक्का गेल्या. काल सकाळच्या पारी. ताप उतरलाच न्हाई." माझ्या हातात कागदाची गुंडाळी होती. चुरगळू नये म्हणून ती मी वाटभर जपून आणली होती. तेव्हाही मी आधी ती गुंडाळीच कोनाड्यात नीट उभी करून ठेवली, आणि मग खाली बसले...

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. भावाच्या मुलाच्या लग्नासाठी ती माहेरी, बोरीला गेली होती. निघताना छकड्यात बसल्यावर तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, किल्ल्यांचं काही सांगायचं असेल. तर म्हणते, "इंदे, परभणीला गेलीस तर जाड कागद आन. आल्यावर तुझं तोंड काढते. लय सोपं हाय तुझं तोंड, पाटावानी सपाट." गाडीवानसुद्धा हसला. मी म्हटलं, "आधी नीट बसा, पदर चाकात जाईल." हे आमचं शेवटचं बोलणं. आम्हा दोघींचं बोलणं नेहमी असंच असायचं... तिने काहीतरी पाहिलेलं, आणि मी काहीतरी आवरायला सांगितलेलं.

मी लग्न होऊन मानवतला आले तेव्हा तिचे यजमान वारलेले होते आणि एकुलता श्रीपती दाराशी भोवरा फिरवत असायचा. घरातल्या कामांची वाटणी आपोआप झाली. कोठीघर, गडीमाणसं, देणंघेणं, औषधं माझ्याकडे आली, कारण आक्काच्या हातात दिलेली कुठलीही गोष्ट अर्ध्यावर राहायची. दूध तर तिच्या हातून दिवसाआड उतू जायचं. चुलीसमोर बसूनच उतू जायचं, हे विशेष. मी धावत जाऊन पातेलं उतरवलं की ती म्हणायची, "अगं बघ तरी, साय कशी सुरकुतायलीय. वाऱ्यानं तळ्याचं पानी हालतंय की न्हाई, तसंच." मी राख घालून चूल पुसत असायचे. साय मी कधी पाहिली नाही.

श्रीपती विशीही न गाठता तापाने गेला. लग्न व्हायचं होतं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की सोनाराकडून त्याचा चांदीचा टाक करून देवघरात बसवतात, आणि बिनलग्नाचा मुलगा गेला तर तो वीर, म्हणून त्याच्या टाकावर घोडेस्वार असतो. सोनाराकडे ठसा ठरलेला. वर्षाच्या आत टाक घरी आला, पूजा झाली, सगळ्यांनी हात जोडले. आक्काने तो टाक उचलून उजेडात धरला. घोडा, हातात तलवार, आणि भरघोस मिशी. ती म्हणाली, "माझं लेकरू जन्मात घोड्यावर बसलं न्हाई. सायकलीला बी भ्यायचं. आन् ही मिशी कुणाची?" श्रीपतीचा फोटो काढलेला नव्हता. काढायचा, काढायचा म्हणून राहून गेला होता. काही महिन्यांनी एकदा शेंगा फोडता फोडता ती मला म्हणाली, "इंदे, सकाळी मला त्याचं कपाळ आठवंना. समदं आठवतंय, कपाळ न्हाई." टरफलं तिच्या मुठीत तशीच राहिली होती. तेव्हा मला कळलं की ती कशाला घाबरते आहे.

आमच्या गावी शाळेत कादर मास्तर चित्रकला शिकवत. त्यांच्या घरी बायकांचं जाणंयेणं होतं ते बीबींमुळे, म्हणजे मास्तरांच्या बायकोमुळे. बीबी कशिदा सुरेख करत, आणि गावातल्या बायका त्यांच्याकडून वेलबुट्ट्या उतरवून नेत. उतरवून द्यायचं काम मास्तरांवर पडायचं. एक दिवस ते वैतागले. "रोज रोज मैं कितने बेल उतारूं? जुम्मे कू आओ, खुद सीखो." आमच्याकडे तेव्हा सरकारी शाळांना सुट्टी शुक्रवारी असायची. नमाज आटोपून मास्तर घरी आले की तिसऱ्या प्रहरी त्यांच्या पडवीत वर्ग भरू लागला. पाचसहा जणी यायच्या, सगळ्या संसारी. आक्काने ऐकलं आणि जायचंच म्हणाली. विधवा बाई एकटी कशी जाणार, म्हणून मी सोबत. आमचे हे म्हणाले, "या वयात काय चित्रं काढता?" त्यावर आक्का म्हणाली, "तुमी या वयात पत्ते खेळता, त्ये चालतंय?" प्रश्न मिटला.

मी तयारीला लागले. बसायचे पाट फळ्यांसारखे मांडीवर घ्यायचे, चिंचेच्या काड्यांचा कोळसा, कागद दाबायला गोटे, हात पुसायला फडकं. मास्तर म्हणाले होते की कोळशाची रेघ पुसायला रोटीचा मऊ तुकडा आणा. आम्ही सगळ्या ज्वारीची भाकरी घेऊन गेलो. घासली मात्र, कागदभर पीठ आणि काळं एक झालं. आक्काने तर जोर लावून कागदाला भोक पाडलं. बीबींच्या हातातला अडकित्ता खाली पडला, इतक्या त्या हसल्या. पुढच्या शुक्रवारपासून मी घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळ्या न्यायला लागले. मास्तरांनी त्या मान्य केल्या.

कितीतरी शुक्रवार आम्ही घागरच काढत होतो. एकच घागर, पडवीच्या तोंडाशी ठेवलेली, एका बाजूने उजेड. माझी घागर चांगली यायची. दोन्ही कुशी सारख्या, काठ गोल. मास्तर बघून म्हणाले, "बाई, घडा बराबर है. मगर पानी नहीं भरा." आक्काची घागर वाकडी यायची, पण उचलायला गेलं तर जड लागेल असं वाटायचं. मास्तरांची तपासायची रीत वेगळी होती. ते प्रत्येकीचा कागद उलटा करून हातात धरायचे. म्हणायचे, सुलटं धरलं की घागर दिसते आणि घागर आपल्याला पाठ असते. उलटं धरलं की नाव विसरतं, मग नुसता उजेड आणि अंधार दिसतो. "घडा भूल जाओ, उजाला देखो."

मग एका शुक्रवारी आक्काने विचारलंच. "मास्तर, मला एकच चित्र काढायचंय. माझ्या लेकाचं तोंड. त्ये कवा शिकवनार?" मास्तरांनी कोळसा खाली ठेवला. ते धार्मिक वृत्तीचे होते. घागरी, पानं, वेली, कमानी, हरफ म्हणजे वळणदार अक्षरं, सगळं काढायचे, पण माणसाचा चेहरा त्यांनी कधी काढला नव्हता आणि शिकवलाही नव्हता. हलक्या आवाजात म्हणाले, "वो मेरे से नहीं होगा बाई. सूरत बनाना उसका काम है," आणि त्यांनी वर बोट केलं. आक्काने वाद घातला नाही. येताना वाटेत मी तिला म्हटलं की आता वर्ग सोडू या. ती म्हणाली, "घागर तर शिकवतेत की."

त्यानंतर ती घरातल्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसू लागली. श्रीपतीचं कपाळ त्याच्या काकांसारखं होतं, म्हणून आमचे हे जेवायला बसले की ही समोर बसून टक लावायची. घास हातात धरून हे म्हणायचे, "वैनी, माझ्या कपाळावर काय शिंग उगवलंय का?" "गप जेवा भावजी, हालू नका." हनुवटी माझ्या धाकट्या लेकीची घेतली. कान तिला आठवत होते, बाहेर आलेले. आणि शुक्रवारी ती मास्तरांना घागरीबद्दल विचारायची. घागरीच्या काठाखाली सावली किती गर्द? घागरीला पोचा पडला असंल तर उजेड कुठं थांबतो? घागर रडून सुजली... असं एकदा तिच्या तोंडून निघून गेलं. मास्तरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तो नीचे का अंधेरा नरम रखना." बीबींनी तेवढी माझ्याकडे नजर टाकली.

ज्या दिवशी ती चित्र घेऊन गेली, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. बाकीच्या बायका उठून गेल्या होत्या. आक्काने पदराखालून कागद काढला आणि मास्तरांपुढे उलटा धरला. ते बघत राहिले. चेहरा उलटा धरला तरी चेहराच असतो, हे त्यांना कळलं असणारच. आता ते कागद बाजूला सारतील, आणि आक्का पुन्हा कोळसा हातात धरणार नाही, असं मला वाटलं. मास्तरांनी बीबींकडे पाहिलं. मग पुढे वाकले, कागदाला बोट न लावता म्हणाले, "याँ अंधेरा जादा हुआ. थोडा उठाओ." आक्काने कणकेने उचललं. "याँ गोलाई टूटी." तिने जोडली. "ये दो उजाले बराबर नहीं, बायाँ कम करो." असं बराच वेळ चाललं. नाक, डोळा, ओठ असा एकही शब्द त्या पडवीत कुणी उच्चारला नाही. शेवटी ते मागे सरकून बसले आणि म्हणाले, "बस. अब घर जाके सीधा करो."

घरी येऊन तिने पाय धुतले, देवघराच्या उंबऱ्यात बसली आणि कागद सुलटा केला. आमचे हे मागे येऊन उभे राहिले. त्यांच्या तोंडून "शिरप्या..." एवढंच आलं आणि ते अंगणात निघून गेले. मला तर कपाळापासून हनुवटीपर्यंत तोच दिसत होता. आक्का मात्र पुष्कळ वेळ बघून म्हणाली, "न्हाई गं. ह्यो श्रीपती न्हाई. पन श्रीपतीला ह्यानं पाह्यलंय." ती रडली नाही. कागद तिने टाकाशेजारी भिंतीला टेकवला, आणि घोडेस्वारावरही त्या दिवसापासून न चिडता हळदकुंकू वाहू लागली.

पुढे दिवस बदलले. गावात कोण कुणाच्या घरी जातं यावर लोक लक्ष ठेवू लागले, हिंदू-मुसलमान दोन्हीकडचे. वर्गातल्या बायका एकेक करून यायच्या बंद झाल्या. आक्का जात राहिली. कुणी विचारलं तर म्हणायची, "घागर शिकायला जायलेय. अजून आली न्हाई मला."

ती गेली त्याला आता महिना उलटून गेला. टाकासाठी चांदी मीच सोनाराला दिली. ते माझं काम आहे आणि मी ते वेळेवर केलं. त्याने विचारलं, बाईमाणसाचा नेहमीचाच ठसा ना? मी हो म्हटलं. घरी आले, कोनाड्यातली गुंडाळी काढली, पाट मांडीवर घेतला. माझ्या तोंडासाठी मागवलेला तो जाड कागद... त्यावर मी तिचं काढायला बसले. रोज थोडं थोडं. कान जागेवर आले, केस आले, दोन्ही बाजू सारख्या आल्या. आक्का आली नाही.

गेल्या शुक्रवारी मी एकटी मास्तरांकडे गेले. ते थकले आहेत. नजर कमी झाली आहे. पडवीत घागर होती, तिच्यावर आता झाकण आणि ओगराळं. बीबी माझा हात धरून बसल्या. मी काही न बोलता कागद उलटा करून पुढे धरला. मास्तरांनी तो उजेडाकडे घ्यायला सांगितला. एकदोन जागी अंधार हलका करायला लावला. मग बोट एका जागेवर, कागदापासून थोडं दूर, तसंच थांबलं. "याँ उजाला छोडो. बडी बाई हँसती थी तो याँ..." बीबींनी तोंडाला पदर लावला. मी कणकेची गोळी घेऊन तेवढ्या जागेवरचा कोळसा उचलला.

तो कागद मी आक्काच्या खोलीत ठेवला आहे, आणि श्रीपतीचं चित्र देवघरातून आणून त्याच्या शेजारी टेकवलं आहे. खोली आवरायची आहे, पेटी बोरीला पोचवायची आहे, पाट कोठीत न्यायचा आहे, हे सगळं यादीत आहे. सकाळी कामं उरकताना दोन मिनिटं म्हणून मी तिथे डोकावते. गालावरच्या त्या उजेडाच्या खाली अजून काहीतरी कमी आहे, ते शोधत राहते... काल तशीच उभी होते, तर स्वयंपाकघरातून जळका वास आला. दूध उतू गेलं होतं. मी धावले नाही. आधी चुलीपाशी बसले, आणि पातेल्यात उरली होती ती साय बघितली.