नुसती मेहनती

घोटा मुरगळला नसता तर त्या पोरीकडे मी इतकं निरखून पाहिलंच नसतं. बर्फावर असताना ज्याचं त्याला सांभाळणं पुरेसं असतं, दुसरीचं कौतुक करायला सवड कुठली! पण डॉक्टरने आराम सांगितला आणि आमच्या आइस हॉकीच्या कोचने ते निमित्त धरलं. बाई कॅनडाची, बोलणं मोजकं. म्हणाली, "बसलीच आहेस तर त्या नव्या फॉरवर्डवर लक्ष ठेव. तिचं चांगलं काय, कच्चं काय, मला सांग. बँकॉकच्या स्पर्धेला न्यायला एकच जागा उरलीय."

ती जागा डाव्या विंगची, म्हणजे माझी. आमच्या बायकांच्या संघात कित्येक वर्षं तिथे मीच खेळत आले. स्पर्धेपर्यंत माझा घोटा बरा होणार होता, तेव्हा आता मी किंवा ती. शिवाय कोच जाता जाता म्हणाली, "तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुला सांगतेय." माझे हातच बांधून टाकले की बाईने.

पोरगी सोळा वर्षांची. आईवडील पुण्याचे, राहायला या बेटाच्या पूर्व टोकाला, पासिर रिसला. बाहेर अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असताना ही स्वतःएवढी बॅग ओढत एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एकटी येते आणि मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर सगळ्यांच्या आधी हजर असते. पहिल्या दिवशी मी मराठीत विचारलं, "किती वर्षं खेळतेस गं?" तर म्हणाली, "टू इयर्स ओन्ली, ऑंटी." इथे भाजीवालीपासून शेजारणीपर्यंत सगळ्याच ऑंटी असतात हे मला कळतं. तरी लागलं. माझ्याहून मोठ्या दोघीजणी संघात आहेत, त्यांना बरी ती नावाने हाक मारते!

तिचं कच्चं काय ते शोधायला मला कष्ट पडले नाहीत. पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, हिच्या स्टिकला लागली की हिची मान खाली. शेजारी कोण मोकळं आहे याचा पत्ताच नाही. बॅकहँडचा फटका अगदी पोचट. डावीकडे वळताना तोल जातो. गोलसमोर घाई, नुसती घाई. मी मनातल्या मनात खूश होते आणि ते स्वतःपासून लपवायची गरजही मला वाटत नव्हती.

पण तिने माझी खुशी टिकू दिली नाही. पक हातचा गेला की आम्ही सगळ्याजणी आधी एक सुस्कारा सोडतो, मग वळतो. ही सुस्कारा सोडतच नाही. मागे कुत्रं लागल्यासारखी आपल्या गोलकडे धावत सुटते आणि पक परत मिळवायला धडपडते. बाकीच्या पाणी प्यायला थांबल्या की ही कडेच्या फळीवर बॅकहँड मारत राहते. एकदा माझ्यासमोरच सणसणीत आपटली. मी काही विचारायच्या आत "कॅन, ऑंटी, कॅन लाह", म्हणजे जमतंय की, असं म्हणून उठली आणि हसत निघून गेली.

जळफळाट झाला माझा. तिच्या गुडघ्यांवर मी जळत होते, तिच्यापुढे पडलेल्या वर्षांवर जळत होते. मी पस्तिशी उलटल्यावर रिंकचा कठडा धरून उभं राहायला शिकले. पण सगळ्यात जास्त जळत होते त्या हसण्यावर. पडल्यावर मला कधी हसू आलेलं नाही. मी आधी बघते, कोणी पाहिलं का.

सराव संपल्यावर खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, कोपी म्हणजे इथली कॉफी घेता घेता मी कोचला एकेक उणीव सांगितली. कशात तिखटमीठ घातलं नाही. घालायची गरज नव्हती. तिने विचारलं, "आणि चांगलं काय?"

"हार्डवर्किंग आहे," मी म्हणाले. "नुसती हार्डवर्किंग. बाकी काही नाही."

शब्द इंग्रजी, पण मी तो मराठीतल्या 'मेहनती'च्या अर्थाने म्हणाले होते. आमच्याकडे पाहुणे आले की आई ओळख करून द्यायची, थोरली हुशार, धाकटी मेहनती. धाकटी मी. पाहुणे थोरलीला पुढे काय करणार विचारायचे आणि माझ्यापुढे लाडवांची ताटली सरकवायचे. मेहनती म्हणजे डोकं नाही, पण बिचारी घासते. या एका शब्दाने माणूस कसा निकालात निघतो, ते मला चांगलं ठाऊक होतं.

कोचने कप खाली ठेवला. "पक गेला की परत येते?"

"येते."

"दर वेळी?"

"दर वेळी," मला म्हणावंच लागलं.

"मग झालं. मान वर ठेवायला मी शिकवीन, बॅकहँडही शिकवीन. हे मात्र कोणाला शिकवता येत नाही."

माझी जागा गेली, आणि ती मीच घालवली होती. कोपीत भरमसाठ कंडेन्स्ड मिल्क असूनही मला ती गोड लागली नाही.

पुढच्या सरावाला पोरीची आई सोबत आली. निवड झालेल्या मुलीच्या आईचा चेहरा असा उतरलेला नसतो. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुम्ही आपल्यातल्या, म्हणून विचारते. कोच फोनवर नुसतं हार्डवर्किंग हार्डवर्किंग म्हणत होत्या. टॅलेंटबद्दल चकार शब्द नाही. हिच्यात तसं काही नसेल तर आत्ताच थांबवलेलं बरं. पुढच्या वर्षी परीक्षा आहे हो."

मी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. डावी विंग पुन्हा माझी, आणि कोणाला कळलंही नसतं. पोरगी शेजारच्या बाकावर स्केट्सच्या नाड्या आवळत होती. तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर इंग्रजीत येतं. तिचे हात थांबले होते.

माझा असा संताप झाला! तिच्या आईवर, माझ्या आईवर, नेमका कोणावर ते आजही सांगता येणार नाही.

"अहो, माझी जागा घेतलीय तुमच्या मुलीने," मी जवळजवळ ओरडलेच. "मी जळतेय तिच्यावर, दिसत नाही का तुम्हाला? नुसत्या मेहनती पोरीवर कोणी इतकं जळतं का?"

ती बाई हळूच म्हणाली, "म्हणजे... चांगली आहे?"

"चांगली आहे," मी म्हणाले. ते म्हणतानाही मी जळतच होते, अजून जळते.