राहून गेलेलं ‘नये’

उद्यान खात्यात या माणसाला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे ‘नयेपेंटर’ म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तीस वर्षं हा गृहस्थ शहरातल्या बागांचे बोर्ड रंगवत आला होता. हिरवळीवर बसू नये. येथे चेंडू खेळू नये. झाडावर चढू नये. कारंज्यात हात घालू नये. मोठ्याने गाऊ नये. आता मला सांगा, बागेत जाऊन माणसाने करायचं तरी काय? बाकावर ताठ बसायचं, बोर्ड वाचायचे आणि घरी यायचं. बाकावर आडवे होऊ नये, असाही एक बोर्ड होताच.

अक्षर मात्र देखणं. त्यावर कुणाची बोलायची टाप नव्हती. त्याची कामाची एक रीत होती आणि ती त्याने तीस वर्षांत कधी मोडली नाही. खडूची दोरी ताणून रेघ मारायची, मग सगळ्या बोर्डांवरची काळी अक्षरं एकदम उरकायची. काळं पुरतं वाळलं की लाल डबा उघडायचा आणि प्रत्येक बोर्डाखाली एकच शब्द लिहायचा, ‘नये’. लाल डबा एकदा उघडला की त्यावर साय धरते, म्हणून तो शेवटी. बोर्ड दहा असोत की चाळीस, ‘नये’ सगळ्यात शेवटी.

असा हा माणूस एका जागी बूड टेकून बसेल तर शपथ. पायाला भिंगरी. चहा पितानाही उभा, आणि उभ्या उभ्या एक पाय हलतोय. नखातला रंग खरवडेल, समोरच्या दुकानाच्या पाटीतला चुकलेला उकार बघून जीभ चावेल, कप अर्धा टाकून निघेल. पूर्वी तो इतका नव्हता. गेल्या चार वर्षांत हे फार वाढलं होतं, आणि का वाढलं ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

घरात दोघंच. तो आणि त्याची ताई, वयाने बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याच ताईने त्याचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती. पुढे ती शाळेत बाई झाली, छत्तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाली, तरी तिची लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. वर्तमानपत्र वाचताना ती चुकांना गोल करत बसे. घरात आलेलं औषधाचं पत्रकसुद्धा तिच्या हातून सुटत नसे.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ताई कोपऱ्यावरच्या मोठ्या बागेत गेली होती. झोपाळा रिकामा होता, तिला लहर आली आणि ती बसली. दोन झोके घेते न घेते तोच रखवालदाराने शिट्टी मारली. बाग गोळा झाली. त्याने ‘मोठ्यांनी झोपाळ्यावर बसू नये’ या बोर्डाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “आजी, वाचता येतं का?” जिने अर्ध्या पेठेला वाचायला शिकवलं तिला हा असं विचारतो! लोक हसले. ताई उतरली, पदर सावरला आणि घरी आली.

भावाला तिने एवढंच सांगितलं, की बोर्ड तुझ्याच अक्षरातला होता, अक्षर छान आहे.

त्या दिवसापासून ती बागेत गेली नाही. हळूहळू जिना उतरायचीही बंद झाली. गुडघे धरले. डॉक्टर दर खेपेला तेच सांगत, की रोज अर्धा तास चालल्या नाहीत तर वर्षाच्या आत पाय कायमचे जातील, मग अंथरूण. पेंटर तिच्या मागे लागे, विनवण्या करी, चिडे. आजूबाजूला चालायला दुसरी जागा नाही, रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. ताईचं उत्तर ठरलेलं. मला तिथे कुणी बोलावलंय? न बोलावणारा तोच होता ना!

आणि अशात खात्यात नव्या मॅडम आल्या. वय फार नाही, पण बाई खमकी. पहिल्याच आठवड्यात सगळ्या बागा पायी फिरून आल्या आणि म्हणाल्या, की इथे माणसांपेक्षा बोर्ड जास्त आहेत. लहानांना खेळता आलं पाहिजे, म्हाताऱ्यांनाही आलं पाहिजे, मधल्यांनाही घटकाभर हसावंसं वाटलं पाहिजे. मोठ्यांच्या वजनाचा दणकट रुंद झोपाळा बसवायचं त्यांनी ठरवलं, बाक समोरासमोर ओढायला लावले, म्हणजे माणसं एकमेकांशी बोलतील. मग त्यांनी पेंटरला बोलावलं. मोठ्या बागेतले बारा बोर्ड उतरवा, रविवारी बाग नव्याने उघडायची आहे, लोकांना आत बोलावणारं काहीतरी लिहा.

पेंटरला हेच तर हवं होतं! ताईला बोलावणारा बोर्ड आपल्या हातून व्हावा, आणखी काय पाहिजे? तो वर्कशॉपमध्ये आला, दोरी ताणली, ब्रश उचलला, आणि हात तिथेच थांबला. काही सुचेचना. ‘नागरिकांनी हिरवळीवर बसावे’ असं लिहिलं, तर मॅडम म्हणाल्या की ही नोटीस वाटते, न बसल्यास दंड होईल असं वाटतं. ‘कृपया आनंद घ्यावा’ लिहिलं, ते त्याचं त्यालाच पटेना. कागदावर कागद खराब झाले. एकदा तर ‘या, बसा, खेळा’ असं झकास जमलं आणि त्याखाली हाताने सवयीने ‘नये’ लिहून टाकलं. तो वर्कशॉपभर येरझाऱ्या घालू लागला. तीस वर्षं मनाई लिहून लिहून आपल्याला माणसांना ‘या’ म्हणताच येत नाही की काय, या विचाराने त्याला घाम फुटला.

शुक्रवार उजाडला तरी बोर्ड कोरे. बागेत नुसते खांब उभे. मुकादम डोकं खाऊ लागला. शेवटी मुकादमानेच तोडगा काढला, की जुनंच लिही, निदान खांब तरी रिकामे दिसणार नाहीत, मॅडमचं पुढे बघू. पेंटरने मान खाली घातली आणि कामाला लागला. हात सरसर चालला. दुपारपर्यंत बाराच्या बारा बोर्डांवरची काळी अक्षरं झाली. आता वाळण्याची वाट बघायची आणि लाल डबा उघडायचा.

तेवढ्यात शेजारणीचा फोन. ताई स्वयंपाकघरात पडली.

तो ब्रश टाकून पळाला. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी यावेळी आवाज चढवला. हे पाय आता आधार देत नाहीत, चालवा त्यांना, नाहीतर माझ्याकडे येऊ नका. शुक्रवार-शनिवार पेंटर घरातच. ताई पलंगावर, तो खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. ताई म्हणाली की तुझ्या चालण्याने मलाच चक्कर येते. तो म्हणाला की मग तू चाल, मी बसतो. ताईने भिंतीकडे तोंड केलं. बोर्डांचं त्याच्या डोक्यातून साफ गेलं.

रविवारी संध्याकाळी शेजारीण आली, आणि तिचं हसू मावेना. अहो, बाग बघितलीत का? काय गर्दी! आणि बोर्ड तर असे गोड लिहिलेत. ‘हिरवळीवर बसू’. ‘येथे चेंडू खेळू’. ‘मोठ्याने गाऊ’. जसं काही मैत्रिणीने हात धरून ओढावं! माझ्या नवऱ्याने, लग्नात तोंड उघडलं नव्हतं त्याने, आज झाडाखाली गाणं म्हटलं.

पेंटरच्या हातातला कप कलंडला. लाल डबा! मुकादमाने शनिवारी बोर्ड उचलले, ‘नये’ दिसलं नाही, तेव्हा त्याला वाटलं असणार की मॅडमच्या मनासारखं झालं, आणि ठोकले खांबांना. तीस वर्षांत पहिल्यांदा काम अर्धं राहिलं आणि तेच गावासमोर लागलं. झाडावर चढू! कारंज्यात हात घालू! आणि देवा, ‘फुले तोडू’सुद्धा! नोकरीचं एक वर्ष उरलंय, आता मेमो येणार. तो रंगांची पिशवी शोधू लागला, ब्रश शोधू लागला, एकच चप्पल पायात घातली.

“एकच बोर्ड कळत नाही बाई,” शेजारीण म्हणाली. “तो झोपाळ्याचा. ‘मोठ्यांनी झोपाळ्यावर बसू’. सगळे वाचतात, हसतात, बसत कुणी नाही.”

पलंगावर ताई उठून बसली. “काय बसू?”

शेजारणीने पुन्हा सांगितलं.

“‘मोठ्यांनी बसू’? हे कुठलं वाक्य?” ताईने भावाकडे पाहिलं. “तू लिहिलंस?”

त्याने मान हलवली आणि दुसरी चप्पल शोधू लागला.

“आणि हे गावभर लोक वाचतायत? माझ्या भावाच्या अक्षरात?” ताईने पाय खाली सोडले. “माझ्या चपला काढ.”

जिना उतरायला पाव तास लागला. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने भावाचा दंड, आणि त्याच्या खांद्याला रंगांची पिशवी. तो मध्येच म्हणाला, दमली असशील तर परत फिरू. ती म्हणाली, की तशी चूक तिथे ठेवून मला झोप लागायची नाही. रस्ता ओलांडताना तिने दोन गाड्या हात दाखवून थांबवल्या. शाळेतल्या बाईंचा हात तो, गाड्या थांबल्या.

बागेत पाऊल ठेवलं आणि पेंटर बघतच राहिला. ज्या हिरवळीवर त्याने कुणाला पाय ठेवू दिला नव्हता, तिच्यावर माणसंच माणसं पसरली होती. चार म्हातारे धोतराचे, पँटचे पाय वर करून चेंडू खेळत होते आणि पोरांपेक्षा जास्त भांडत होते. कारंज्याच्या काठावर एक आजी आणि नात कोपरापर्यंत भिजल्या होत्या. ‘फुले तोडू’वर माळीणबाईंनी गोणपाट टाकलं होतं आणि त्या सकाळपासून त्याच्यापुढे कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. मॅडम चपला बाजूला काढून गवतात बसल्या होत्या. पेंटरला बघून त्यांनी लांबूनच हात हलवला आणि ओरडून सांगितलं, की पेंटर, मला असंच हवं होतं, तुम्हाला सुचलं कसं? त्याने घाईघाईत नमस्कार केला. त्याचं लक्ष ताईकडे होतं, ती सरळ झोपाळ्याकडे निघाली होती.

झोपाळा नवा, रुंद, तिघे मावतील एवढा. समोर दहा-बारा मोठी माणसं उभी, वाचतायत, एकमेकांना कोपर मारतायत, बसायचं धाडस कुणाचं नाही. बाजूला तोच रखवालदार, शिट्टी गळ्यात. ताई बोर्डापुढे उभी राहिली. वरच्या ओळीत ‘मोठ्यांनी’, खालच्या ओळीत ‘झोपाळ्यावर बसू’. त्याखाली कोरी जागा, लाल शब्दाची. त्या जागेकडे तिने बराच वेळ पाहिलं. काय राहून गेलंय ते तिला कळलं, हे पेंटरला तिच्या मानेवरून कळलं.

“ताई, ते लिहायचं राहून गेलं गं,” तो म्हणाला. “तू पडलीस, आणि मी...” “त्या वेळचा बोर्डही माझाच होता.”

“पांढरा रंग आणलायस?” ताईने विचारलं. “वरचा शब्द घालव.”

त्याने ‘मोठ्यांनी’वर पांढरा हात मारला. मग काळ्या रंगात ब्रश बुडवून विचारलं, आता काय लिहू?

“‘बसू’ म्हणणारं कोण असतं? पहिलीतली पोरंही सांगतील.”

त्याने ओल्या पांढऱ्यावर लिहिलं, ‘आपण’. काळं थोडं पसरलं, अक्षर त्याच्या मानाने वाईट आलं. तीस वर्षांत इतकं वाईट अक्षर त्याने काढलं नव्हतं. ताईने एकदा वरून खाली वाचलं, मान डोलावली आणि वळून रखवालदाराला विचारलं, की वाचता येतं ना? रखवालदाराने दोन्ही हातांनी झोपाळा धरून ठेवला. ताई बसली.

“तू उभा का? ‘आपण’ लिहिलंयस ना?”

तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो बागेत बसला होता. त्याचा पाय हलत होता तो हलतच राहिला, पण आता त्या पायाने झोपाळ्याला झोका मिळत होता. ताईचे पाय जमिनीपासून वीतभर वर सुटले, पुढे गेले, मागे आले. तिने डोळे मिटून घेतले. समोरची माणसं आपला नंबर कधी लागतो म्हणून रांग धरू लागली, तेव्हा पेंटरला पुन्हा चुळबूळ सुरू झाली. तिन्हीसांजा होतायत, गुडघ्यांना गारवा बाधेल, जिना चढायचाय, डॉक्टर काय म्हणतील. त्याने हळूच विचारलं, ताई, आता घरी जाऊ?

“इतक्यात,” डोळे न उघडता ताई म्हणाली, “जाऊ नये.”