पाटी लावून गेलेले काका

चहाची टपरी दोन दुकानं सोडून होती. पण तेवढ्यासाठीसुद्धा काका पांढरा कोट काढून खुंटीला अडकवत, ड्रॉवरमधून पत्र्याची पाटी काढत आणि दुकानाच्या दारावर टांगत : ‘फार्मासिस्ट जागेवर नाहीत. थांबावे.’ ते परत येईपर्यंत गल्ल्यावरच्या शेठनं चिठ्ठीवरची एक गोळीही द्यायची नाही, असा त्यांचा दंडक. दुकान शेठचं आणि दंडक काकांचा! शेठ कपाळाला हात लावून बसायचा. श्रीवर्धनच्या बाजारात त्यांचं आडनाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे ते पाटीकाका.

त्या मेडिकलच्या भिंतीला लागूनच माझं पार्लर. मी शटर वर केलं की पलीकडून हाक यायची, “जागेवर?” मी ओरडायचे, “जागेवर!” मग दोघांचा दिवस सुरू. माझ्या धंद्याबद्दल त्यांच्या मनात कायम एक अढी होती. “पार्लर काढायला तुला काय लागलं गं?” ते विचारायचे. मी म्हणायचे, “आरसा, खुर्ची आणि दुकानाची नोंदणी.” “बस? परीक्षा नाही? नूतनीकरण नाही? आणि मी डिप्लोमा करून, नाव नोंदवून इथे उभा, तरी लोकांना वाटतं हा फक्त डबे काढून देतो.”

कुणीही दुकानात आलं की त्याच्या धंद्याला कोणता कागद लागतो, हा त्यांचा आवडता विषय. वायरमनला परवाना लागतो, सुताराला नाही. वकिलाला सनद लागते, लग्न जमवणाऱ्याला काही नाही. गळ्यावर वस्तरा धरणाऱ्याला कुणी शिकलास का म्हणून विचारत नाही, याचं मला नवल वाटायचं. त्यावर त्यांचं उत्तर तयार असे. “न्हाव्याची चूक तुला आरशात दिसते. दुसऱ्या दिवशी तू दुसरा न्हावी बघशील. माझी चूक गिऱ्हाईकाच्या पोटात जाते, ती त्याला दिसत नाही. जिथं गिऱ्हाईकाला पारख करता येत नाही ना, तिथं सरकार कागद मागतं.” मी म्हटलं, “मग काका, नवरा व्हायला पहिला परवाना हवा होता. मला कुठे पारख करता आली?” एरवी वादात न हरणारा माणूस, पण त्या दिवशी पाटी लावून चहाला निघून गेला. माझा नवरा मला सोडून गेल्याचं त्यांना माहीत होतं. थोड्या वेळानं त्यांनी टपरीवरून माझ्यासाठीही चहा पाठवला.

हरिहरेश्वरला आलेली मंडळी गाड्या थांबवून काहीबाही मागत. “चिठ्ठी?” काका विचारायचे. “अहो काका, मुंबईत देतात असंच.” “मग मुंबईत घ्या.” गिऱ्हाईक फणफणत जाई, शेठ त्याच्यामागे हळहळत जाई.

त्यांच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास कोळीवाड्यातल्या राधाबाईचा. सुकी मासळी विकून परत जाताना ती बीपीच्या गोळ्या न्यायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण पाटी ओळखायची. पाटी लावलेली दिसली की टोपली खाली ठेवून पायरीवर बसायची. एकदा मी म्हटलं, “राधाबाई, उन्हात कशाला बसतेस? नंतर ये.” ती म्हणाली, “पाटी हाय न्हवं? म्हंजे भाऊ येनार. पाटी नसती तर मी कशाला बसले असते?”

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला, उलव्याला राहायचा. रविवारी मेडिकल बंद. त्या दिवशी मी काकांना समुद्रावर बघायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, कठड्यावर, पाण्याकडे पाठ करून बसलेले. तोंड बाजाराच्या दिशेला. एकदा विचारलं तर म्हणाले, “सहा दिवस माझ्यावाचून शटर उघडता येत नाही. कायदाच आहे तसा. रविवारी मी कुणाला लागत नाही.” हसत म्हणाले, पण मला त्यातलं हसू काही सापडलं नाही. माझाही रविवार तसाच जायचा.

शेठनं एकदा गोडीत सुचवून पाहिलं होतं, “काका, तुम्ही घरी आराम करा. सर्टिफिकेट राहू दे भिंतीवर. इन्स्पेक्टर आला की फोन करतो. पगार चालू.” असं करणारी दुकानं काय कमी आहेत? काकांनी कोट चढवला आणि म्हणाले, “मग गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, तेही भिंतीलाच विचारायला सांग.” विषय तिथेच मिटला.

पुढे शेठला सून आली, ती फार्मसीची पदवी घेतलेली. माणगावची, गुणी मुलगी. तिचं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं आणि काकांचं कापडात गुंडाळून त्यांच्या हातात आलं. शेठनं शाल दिली, पेढे दिले. कुणी वाईट वागलं नाही. वाईट वागलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी म्हटलं, “काका, रोज माझ्याकडे येऊन बसा. ही खुर्ची तुमची.” “तुझं माझ्यावाचून अडत नाही गं,” म्हणाले. मग पिशवीतून पाटी काढून माझ्या हातात दिली. “ही ती पोर नको म्हणाली. तिचा नवरा गिऱ्हाईकाला मोबाइलवरूनच सांगतो, दहा मिनिटांत येते म्हणून. तू ठेव.”

ते उलव्याला गेले. सकाळी मी शटर उघडायच्या वेळेला फोन यायचा. “जागेवर?” “जागेवर!” तिथेही त्यांनी कामासाठी मेडिकलची दुकानं पालथी घातली. “सगळ्यांना माझा कागद हवाय,” एकदा म्हणाले. “बरोबर मी आलो तर चालत नाही. दुपारी कुणाशी बोलू, ते सांग.” मी नुसती “या ना इकडे” म्हणत राहिले. ते “बघू” म्हणत राहिले.

मग एका सकाळी फोन आला तो त्यांच्या मुलाचा. काका झोपेतच गेले होते.

त्या दिवशी माझ्यानं दुकानात थांबवेना. कुलूप लावताना काय मनात आलं कोण जाणे, ती पाटी काढून माझ्या दाराला लावली आणि समुद्रावर गेले. त्यांच्या कठड्यावर बसून पोटभर रडले.

परत आले तर पार्लरच्या पायरीवर राधाबाई. टोपली बाजूला, पदराच्या गाठीत गोळ्यांचं रिकामं पाकीट. चेहरा उजळलेला.

“भाऊ इकडं आला व्हय आता, तुज्याकडं?” ती म्हणाली. “मला कुनी सांगितलंच न्हाय. पाटी दिसली म्हनून बसले.”

मी पाटीकडे बघितलं. ती काढायला हात वर केला, आणि तसाच खाली घेतला. टोपली जरा सरकवून मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.